संगणक अद्ययावत झाल्यानंतर ब्राउझर अडतो तेव्हा

प्राथमिक शाळेच्या दप्तरात हजेरीपट, जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचे दाखले यांच्या शेजारी संगणकाचा पडदा येऊन बसला, त्याला आता एक दशक उलटून गेले आहे. २०१५ साली 'सरल' प्रणाली आली. वेतनदेयके 'शालार्थ'मधून निघू लागली. पुढे २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून यू-डायस प्लसवर शाळेच्या एकत्रित आकड्यांवर न थांबता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद करावी लागू लागली. ही सर्व कामे ज्या एका खिडकीतून होतात तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, एज, फायरफॉक्स ही त्या खिडक्यांचीच निरनिराळी नावे होत.

संगणकातील प्रणाली अद्ययावत झाली, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण 'अपडेट' म्हणतो ते झाले, की दुसऱ्या दिवशी ही खिडकी नीट उघडत नाही, अशी तक्रार केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांतून वारंवार ऐकू येते. कोठे पान अर्धेच उमटते. कोठे बटण दिसते, पण ते दाबले असता काहीच घडत नाही. कोणाचे साठवलेले पासवर्ड नाहीसे झालेले असतात, तर कोणाच्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आलेल्या असतात. अशा वेळी बहुतेक शिक्षक एक तर संगणक बंद करून स्वस्थ बसतात, किंवा बोईसर-पालघरच्या बाजारात यंत्र उचलून नेतात. यांपैकी दोन्ही गोष्टींची गरज दहांपैकी नऊ वेळा नसते, असे माझे मत अनेक शाळा पाहिल्यानंतर बनले आहे. सदर लेखात ही अडचण कोठे उत्पन्न होते आणि शिक्षकाला ती आपल्या हाताने कशी शोधता येते, याचे विवेचन करण्याचे योजिले आहे.

विषय यंत्राचा असला तरी त्यात अडकते ते मूल असते. पालघर हा स्थलांतराचा जिल्हा आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर उतरतात, आणि दुसऱ्या बाजूने बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगारांची मुले येतात. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले, की जुन्या शाळेने पोर्टलवर ते शाळा सोडून गेल्याचे नोंदवावे लागते. त्यानंतरच नव्या शाळेला त्याचे नाव आपल्याकडे ओढून घेता येते. जुन्या शाळेतील संगणकावर ते खात्रीचे बटणच उमटले नाही, आणि गुरुजींनी 'पोर्टल बंद आहे' असे समजून काम पुढे ढकलले, तर मूल नव्या वर्गात बसलेले असूनही कागदावर कोठेच नसते. ३० सप्टेंबर ही यू-डायसची संदर्भ तारीख. त्या तारखेच्या हिशेबात जे मूल येत नाही, त्याच्या वाट्याची पुस्तके व इतर लाभ मागताना पुढे वर्षभर खुलासे करीत बसावे लागते.

आता मूळ कारणाकडे वळू. बालभारतीने पाठ्यपुस्तक बदलले आणि शिक्षकाजवळ मागील वर्षीचे टाचण राहिले, म्हणजे वर्गात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. टाचणात लिहिलेला पृष्ठक्रमांक पुस्तकात सापडत नाही. पुस्तकही बरोबर असते आणि टाचणही आपल्या जागी बरोबर असते. फक्त दोघांची वर्षे जुळत नाहीत. अद्ययावतीकरणानंतर ब्राउझरचे नेमके हेच होते. पान वारंवार नव्याने मागवावे लागू नये म्हणून ब्राउझर त्या पानाची चित्रे, रंगरूप आणि बटणे चालविणाऱ्या आज्ञा संगणकात साठवून ठेवतो. या साठ्याला कॅश म्हणतात. त्याशिवाय पोर्टल आपल्याला ओळखण्यासाठी ब्राउझरजवळ एक लहानशी चिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. ब्राउझर नवा झाला, किंवा पोर्टल नवे झाले, आणि हा साठा व ही चिठ्ठी मात्र जुनीच राहिली, की पान अर्धे नवे व अर्धे जुने असे उमटते. बटण दिसते ते नव्या पानावरचे असते, आणि त्यामागची आज्ञा जुनी असते.

अद्ययावत करू नये, हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. जी छिद्रे शोधून चोर आत शिरतात ती बुजविण्यासाठीच बहुतेक अपडेट येतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजची मासिक दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपली रात्र असल्यामुळे ती आपल्याकडे येईपर्यंत मंगळवारची रात्र उलटत आलेली असते. यास्तव दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी-गुरुवारी शाळेत संगणक सुरू करताना काहीतरी बदललेले दिसले, तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही. क्रोम व एज हे ब्राउझर तर काही आठवड्यांच्या अंतराने आपणहून नवे होत असतात. त्याचा पत्ताही लागत नाही.

कधी कधी दोष खरोखरच पाठविणाऱ्याचा असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकून पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ज्यांच्याजवळ लेखणी आणि कागदावरची यादी होती त्यांचे काम चालले, ही गोष्ट ज्या शाळांनी जनरल रजिस्टर लिहिणे कंटाळवाणे मानले आहे त्यांच्या ध्यानात यावी म्हणून येथे नमूद केली आहे.

अडचण आली असता प्रथम काय करावे? संगणक 'रीस्टार्ट' करावा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून पुढील प्रणालींत लवकर सुरू होण्याची एक सोय असते. तीमुळे शट डाउन केले तरी प्रणालीचा गाभा जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा पुढे येतो. अर्धवट राहिलेले अपडेट त्यामुळे अर्धवटच राहते. रीस्टार्टमध्ये गाभा नव्याने भरला जातो. कित्येक तक्रारी येथेच संपतात. ब्राउझरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 'रीलाँच' किंवा 'अपडेट' असा शब्द दिसत असेल, तर नवी आवृत्ती येऊन दाराशी थांबली आहे असे समजावे आणि चालू काम जतन करून ब्राउझर पूर्ण बंद करून उघडावा.

दुसरी तपासणी डोळ्यांची आहे. आपण नेहमीच्याच खिडकीत बसलो आहोत काय, हे पाहावे. विंडोजचे मोठे अपडेट झाल्यानंतर पुष्कळदा एज हा ब्राउझर पुढे येतो, आणि क्रोमचे चिन्ह मागे पडते. शिक्षक सवयीने समोरचे चिन्ह दाबतात. नेहमीचे पान उघडते. पण साठवलेले पासवर्ड आणि खुणेची पाने दिसत नाहीत. मग 'सगळे उडाले' असा समज होतो. काहीही उडालेले नसते. ते क्रोमच्या पोटात सुरक्षित असते आणि आपण एजला विचारीत असतो. क्रोमचे चिन्ह तांबडे, पिवळे व हिरवे असून मध्ये निळा ठिपका असतो. एजचे चिन्ह निळ्या-हिरव्या लाटेसारखे असते. फायरफॉक्सचे जांभळ्या गोलाला वेढलेल्या केशरी कोल्ह्याचे. ही ओळख मदतनीस मुलालाही करून द्यावी.

पडद्यावरील अक्षरे एकाएकी मोठी झाली असतील आणि खालचे बटण दिसत नसेल, तर कंट्रोल ही कळ दाबून धरून शून्य दाबावे. पान मूळ आकारात येते व हरवलेले बटण वर येते. इतकी लहान गोष्ट. पण तीवाचून माहिती भरण्याचे काम दोन-दोन दिवस अडल्याची उदाहरणे आहेत.

एवढ्यानेही भागले नाही, तर मात्र शोध पद्धतशीर करावा लागतो. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले; त्या कामाचा पाया आधी निरीक्षण आणि मग कृती हाच होता. यंत्राच्या बाबतीत आपण नेमके उलट करतो. आधी दहा बटणे दाबतो आणि मग कोणत्या बटणाने काय झाले याचा विचार करीत बसतो. वास्तविक एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. भात पिवळे पडले तर शेतकरी खत, पाणी आणि औषध यांपैकी सर्व एकदम बदलत नाही. बदलले तर त्याला रोग कळतच नाही.

पहिली पायरी खासगी खिडकीची. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकदम दाबल्या असता एक निराळी खिडकी उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबावा. या खिडकीत जुना साठा नसतो, जुनी चिठ्ठी नसते, आणि ब्राउझरला जोडलेली लहान-मोठी उपकरणे, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, तीही आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर बंद असतात. पोर्टल येथे नीट उघडले, तर दोष जुन्या साठ्यात, चिठ्ठीत किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे, एवढे निश्चित झाले. घाईचे काम असेल तर ते याच खिडकीत उरकून घ्यावे आणि दुरुस्ती सावकाश करावी.

खासगी खिडकीतही पान उघडले नाही, तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावे. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०२० पासून एज हा ब्राउझर क्रोमच्याच पायावर उभारलेला आहे. म्हणून क्रोममधील दोष एजमध्येही दिसण्याचा संभव असतो, आणि क्रोमची परीक्षा एजमध्ये घेणे म्हणजे त्याच इयत्तेची दुसरी तुकडी तपासण्यासारखे आहे. खरा निराळा साक्षीदार फायरफॉक्स. शाळेच्या संगणकावर तो बसवून ठेवावा. त्याला दाम पडत नाही. फायरफॉक्समध्ये पान आले, तर संगणक, जोडणी आणि पोर्टल तिन्ही निर्दोष आहेत आणि बिघाड पहिल्या ब्राउझरचा आहे.

फायरफॉक्समध्येही आले नाही, तर त्याच जोडणीवर, म्हणजे त्याच हॉटस्पॉटवर अगर वायफायवर, मोबाइलमधून पान उघडून पाहावे. मोबाइलवर उघडले तर दोष संगणकाचा. मोबाइलवरही उघडले नाही तर दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर पाहावे. तेथे उघडले तर दोष जोडणीचा. कोठेच उघडले नाही, तर मात्र पोर्टलच थकलेले आहे, आणि अंतिम तारखेच्या आदल्या सायंकाळी ते थकणारच. अशा वेळी आपल्या संगणकाशी खटपट करू नये. पहाटे काम करावे.

साठा पुसण्याविषयी सविस्तर लिहिणे जरूर आहे, कारण या एका उपायात फायदा जितका आहे तितकीच हानीही होऊ शकते. प्रथम कंट्रोल दाबून धरून एफ-पाच ही कळ दाबावी. त्यामुळे त्या एकाच पानापुरता जुना साठा बाजूस ठेवून पान नव्याने मागविले जाते. पुरेसे झाले नाही, तर पत्त्याच्या पट्टीत डाव्या टोकाला जे लहान चिन्ह असते त्यावर टिचकी मारून, त्या पोर्टलपुरत्याच कुकी व साठवलेली माहिती काढून टाकण्याचा पर्याय शोधावा. 'पुन्हा लॉगिन करा, पुन्हा लॉगिन करा' असे चक्र ज्या वेळी संपत नाही, त्या वेळी हा उपाय बहुधा लागू पडतो. सगळ्यांत शेवटी कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा. त्यांनी जी चौकट उघडते तीत अनेक खाने असतात: भेट दिलेल्या पानांचा इतिहास, कुकी, साठवलेली चित्रे व फाइली, आणि पुढच्या भागात पासवर्ड व आपोआप भरला जाणारा मजकूर. पहिल्या वेळी फक्त साठवलेली चित्रे व फाइली याच खान्यात खूण ठेवावी. पासवर्डच्या खान्यातील खूण अवश्य काढावी. 'सर्व साफ केले की यंत्र हलके होते' असे सांगणारे सल्लागार गावोगाव भेटतात. त्यांच्या सांगण्यावरून सर्व खान्यांत खुणा करून मुख्याध्यापकांचा शालार्थचा, पोषण आहाराचा आणि यू-डायसचा असे तिन्ही पासवर्ड एका टिचकीत घालविणाऱ्या शाळा आहेत. साफसफाईपूर्वी पासवर्ड कागदावर उतरवून, तो कागद मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावा. भिंतीवर चिकटवू नये.

बटण दाबल्यावर दाखला किंवा अहवाल निराळ्या खिडकीत उघडत असेल आणि ती खिडकी येतच नसेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला अडविलेल्या खिडकीचे चिन्ह दिसते काय ते पाहावे. त्यावर टिचकी मारून त्या पोर्टलला कायमची परवानगी द्यावी. स्थलांतरित मुलाची नोंद सोडताना जे खात्रीचे बटण उमटत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

'आपले कनेक्शन खासगी नाही' अशा अर्थाचा इंग्रजी इशारा हे मात्र निराळे प्रकरण आहे. प्रत्येक अधिकृत संकेतस्थळाजवळ एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मे महिन्याच्या सुटीत शाळेचा संगणक वीजजोडणीपासून तोडून ठेवलेला असतो, आणि आत घड्याळ चालविणारा बटणासारखा सेल जुना झालेला असतो. जूनमध्ये यंत्र सुरू होते ते अनेक वर्षांपूर्वीची तारीख घेऊन. मग आजचे प्रमाणपत्र त्या संगणकाच्या दृष्टीने अद्याप जन्मालाच आलेले नसते, आणि ब्राउझर दार लावून घेतो. सुटीनंतर संगणक एकदम सहा आठवड्यांची अपडेट घेऊ लागतो, म्हणून दोष अपडेटवर येतो. पण चोर निराळा असतो. उजव्या खालच्या कोपऱ्यातील तारीख, वर्ष आणि वेळ पाहावी. वेळेचा पट्टा भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा, आहे याची खात्री करावी. तारीख दुरुस्त करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे जात असेल, तर सेल बदलावा. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत सीआर २०३२ हा सेल असतो. या नावातच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो आणि चहा-नाश्त्याच्या खर्चात येतो. चिंचणी, तारापूर, डहाणू या किनाऱ्याकडील शाळांत खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या गंजतात. नवा सेल बसविताना तेथे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. संगणकाची वायर आधी भिंतीपासून काढावी, हे सांगण्याची गरज नसावी.

तारीख बरोबर असूनही हा इशारा येत असेल, तर 'तरीही पुढे जा' असे म्हणून मुलांची माहिती भरू नये. जुन्या यंत्रांवर याचे दुसरेही कारण संभवते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी, योगायोगाने आपल्याच संदर्भ तारखेला, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्यावर विसंबून होती ते एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले, आणि ज्या जुन्या यंत्रांना नव्या मुळाची ओळख नव्हती त्यांवर कित्येक संकेतस्थळे उघडेनाशी झाली. यंत्र बिघडले नव्हते. त्याची ओळखीची यादी जुनी झाली होती.

आपल्या अनेक शाळांत अद्यापि विंडोज ७ चे संगणक आहेत. त्यांच्याविषयी स्पष्ट बोललेले बरे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. जानेवारी २०२३ मध्ये आलेली क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ व ८.१ वर चालणारी शेवटची. त्यापुढील क्रोमला किमान विंडोज १० लागते. फायरफॉक्सचीही ११५ ही विस्तारित आवृत्ती जुन्या विंडोजसाठी अखेरची ठरली. अशा संगणकावर 'ब्राउझर अपडेट होत नाही' ही तक्रार म्हणजे बिघाड नाही, ती सीमा आहे. तेथे साठा कितीही पुसला तरी उपयोग नाही. विंडोज १० चीही सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदतवाढीची स्वतंत्र योजना आहे, पण ती कायमची नाही. विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि देणगीतून आलेल्या जुन्या संगणकांत तो नसतो. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालता येते. केरळातील शासकीय शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपासून वापरले जात आहे. आपल्याकडे त्याची भीती बाळगली जाते, ती मला अनाठायी वाटते. लिनक्सवर फायरफॉक्स अद्ययावत राहतो आणि पोर्टल ब्राउझरमध्ये चालत असल्याने खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी त्याला बहुधा कर्तव्य नसते.

इंटरनेट एक्सप्लोरर शोधणाऱ्यांसाठी थोडे. एकेकाळी शासकीय पाने त्याच्यासाठीच बांधली जात. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याला निवृत्त केले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज १० वरील त्याचे दार कायमचे बंद करून ते एजकडे वळविले. एखादे जुने पान अजूनही एक्सप्लोररच मागत असेल, तर एजच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' या भागात जुन्या पद्धतीने पान उघडण्याची परवानगी देता येते. तेथे नोंदलेला पत्ता ३० दिवस टिकतो, नंतर पुन्हा नोंदवावा लागतो. महिन्यापूर्वी चालत असलेले पान आज एकाएकी का चालत नाही, याचे उत्तर कित्येकदा त्या ३० दिवसांत असते.

मराठी अक्षरांच्या चौकटी दिसत असतील, तर विंडोज १० व ११ मध्ये मंगल हा टंक ऐच्छिक सुविधांत गेला आहे. तेथून देवनागरीचे पूरक टंक मागवावेत. कळफलक एकाएकी इंग्रजीत अडकला, तर विंडोज कळ व स्पेस एकत्र दाबाव्यात. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अपडेटपासून मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक प्रणालीतच मिळतो. मुलांची नावे मात्र युनिकोडमध्येच टंकावीत. जुन्या टंकातून उचलून चिकटविलेले नाव पोर्टलवर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटते, आणि तेच नाव पुढे दाखल्यावर छापले जाते.

अपडेट केव्हा घ्यावे, हाही प्रश्न आहे. जव्हार-मोखाड्याच्या वरच्या पाड्यांवर शिक्षक स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट शाळेला देतात. विंडोजची मासिक दुरुस्ती शेकडो एमबीची असते आणि ती शिक्षकाच्या पदरचा दिवसाचा डेटा गिळून टाकते. यासाठी त्या जोडणीला सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' अशी खूण करावी. मग मोठी अपडेट आपणहून उतरत नाहीत. महिन्यातून एकदा गटसाधन केंद्रात किंवा चांगली जोडणी असलेल्या केंद्रशाळेत संगणक नेऊन ती घ्यावीत. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर प्रणाली जखमी होते. म्हणून यूपीएस नसलेल्या शाळेने आभाळ भरलेले असताना अपडेट सुरू करू नये. आणि कोणत्याही शाळेने अंतिम तारखेच्या आधीच्या आठवड्यात ते करू नये. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे थोपवून धरण्याची सोय आहे ती याचसाठी.

प्रत्येक शाळेत संगणकासाठी एक साधी वही असावी, असे मी भेटींच्या वेळी सुचवीत असतो. तारीख, कोणते अपडेट झाले, ब्राउझरची आवृत्ती कोणती, पडद्यावर कोणते शब्द आले, आणि काय केल्याने सुटले. आवृत्ती ब्राउझरच्या मेनूतील 'हेल्प'खाली 'अबाउट' येथे दिसते. पडद्याचे चित्र विंडोज, शिफ्ट व एस या कळांनी घेता येते. केंद्रप्रमुखांना किंवा तालुक्याच्या माहिती समन्वयकांना 'चालत नाही' एवढाच निरोप पाठविला, तर त्यांना काहीच करता येत नाही. नेमके शब्द व चित्र पाठविले तर उत्तर त्याच दिवशी मिळण्याचा संभव असतो.

एका धोक्याविषयी शेवटी लिहितो. ब्राउझर अडला की कित्येक जण त्याच ब्राउझरमध्ये 'हेल्पलाइन नंबर' शोधतात. तेथे वर येणारा क्रमांक खऱ्या कार्यालयाचा असेलच असे नाही. समोरचा मनुष्य गोड बोलून दूरवरून पडदा पाहण्याचे अ‍ॅप बसवायला सांगतो आणि ओटीपी विचारतो. शालार्थच्या संगणकावर हे घडणे म्हणजे संपूर्ण शाळेचे वेतन व बँक तपशील परक्याच्या हाती देणे होय. पोर्टलच्या स्वतःच्या पानावर दिलेला क्रमांक किंवा तालुक्याचे कार्यालय यांखेरीज कोणालाही पडदा दाखवू नये. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

बाजारातील सायबर कॅफेत बसून काम उरकण्याची वेळ आली, तर खासगी खिडकीतच पोर्टल उघडावे, 'पासवर्ड जतन करू काय' या प्रश्नाला नकार द्यावा, आणि उतरवून घेतलेल्या याद्या 'डाउनलोड'च्या कप्प्यातून व नंतर कचरापेटीतूनही काढून टाकाव्यात. त्या याद्यांत मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. खासगी खिडकी उतरवलेली फाइल आपणहून पुसत नाही. ती बंद केल्यानंतरही यादी पुढच्या गिऱ्हाइकासाठी तेथेच राहते.